उडीनंतरची ओळ

माझ्या सासूबाईंबद्दल चार गोड शब्द वाचायला मिळतील या आशेने कोणी बसलं असेल, तर त्याने उठावं. मला त्या आवडत नाहीत. लग्न झालं तेव्हा आवडत नव्हत्या, त्यांच्या हाताखाली नोकरी केली तेव्हा आवडत नव्हत्या, आणि त्या निवृत्त होऊन त्यांची खुर्ची मला मिळाली तेव्हा तर आमच्यात उरलंसुरलं सौजन्यही संपलं. कंपनीत त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि मला धाकट्या बाई. मी धाकटी अजूनही आहे, खुर्चीत बसूनही.

त्यांची एक खोड आधी सांगते. ‘निघते हं’ असं म्हणून त्या उठायच्या, चपला घालायच्या, दार उघडायच्या आणि उंबरठ्यावरून एक वाक्य टाकून मग जायच्या. ते वाक्य खास राखून ठेवलेलं असायचं. आम्ही नवं घर घेतलं तेव्हा माझ्या आईवडिलांसमोर त्या तासभर गोड बोलल्या, आणि जाताना उंबरठ्यावरून म्हणाल्या, “पडदे छान आहेत. मला आधी वाटलं, धुवायला टाकायचे राहिलेत.” उत्तर देईपर्यंत जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज सुरू झालेला असायचा. पुढे दोन घरांचा खर्च परवडेना म्हणून आम्ही सगळे एकत्र राहू लागलो, तेव्हा त्यांनी तीच सोय स्वयंपाकघराच्या दारातून करून घेतली.

आमची कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवते. बटण दाबल्यावर लिफ्ट कुठे जाणार, दार कधी उघडणार, ब्रेक कधी सुटणार, हे त्या बोर्डावरची एक चिप ठरवते, आणि चिपने काय ठरवायचं ते सासूबाईंनी लिहिलेलं. तेही आजकालच्या ऐसपैस भाषांत नव्हे, थेट चिपच्या आज्ञांमध्ये, एका ओळीला एक आज्ञा. त्या ओळींचे चिपला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे असेम्बलर. दर जातीच्या चिपचा असेम्बलर वेगळा, आणि सासूबाईंचं प्रत्येकाशी वेगळं भांडण.

पहिल्या चिपचा असेम्बलर त्यांचा लाडका. त्यात आधी काय न्यायचं ते लिहायचं, मग कुठे न्यायचं ते. दुसऱ्या चिपचा उलटा, आधी कुठे आणि मग काय. यावर त्या जेवताना तावातावाने बोलायच्या. “ताट कोणाचं ते आधी, आणि वाढायचं काय ते मागाहून? ही कुठली रीत?”

“आई, आधी ताट बघूनच वाढतात,” मी एकदा म्हणाले.

त्या दिवशी भाजीचं भांडं माझ्यापर्यंत यायला फार वेळ लागला.

तिसरी चिप माझ्या काळात आली. तिच्या असेम्बलरला आकड्याच्या डावीकडे शोभेचं शून्य चालत नाही. आपण शून्य देऊन दहा लिहावं आणि त्याने ते आठ समजावं. त्यात माझा अख्खा दिवस वाया गेला, आणि ही बातमी माझ्या नवऱ्याने इमानदारीने आईला पोहोचवली. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि घरात दोन्ही बाजूंना मान डोलावतो. “डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे पहिलीतल्या पोराला कळतं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा रोख असेम्बलरवर होता की माझ्यावर, ते मी विचारलं नाही.

पण खरी विचित्र होती ती दुसरी चिप, जिच्यावर त्यांनी उभी हयात काढली. अमुक झालं तर तमुक ओळीवर उडी मार, अशी आज्ञा दिली की ती उडी मारायची, पण उडीच्या लगेच खालची ओळ उरकून मग. उडी ठरली तरी खालची एक ओळ होणारच. उंबरठ्यावरचं वाक्यच ते. बाकी चिपांमध्ये असं नसतं, उडी म्हणजे उडी, खालचं सगळं तसंच राहतं. माणसं इथे चुकतात, हे त्या असेम्बलरच्या कर्त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तो आपण होऊन उडीखाली एक रिकामी, काही न करणारी आज्ञा सरकवून द्यायचा. सासूबाईंना हे मुळीच खपत नसे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्यांनी ही मदत बंद केलेली असायची आणि उडीखालच्या जागेत स्वतःच्या हाताने कामाची ओळ बसवलेली. कंपनीत नवं कोणी आलं की चहाबरोबर त्याला हे ऐकवलं जायचं. “असेम्बलर कारकून आहे, त्याने कारकुनी करावी. माझ्या लिखाणात त्याने बोट घातलंय असं एक ठिकाण दाखवा, नोकरी सोडते.”

कोणी दाखवलं नाही. हिंमतच नव्हती कोणाची.

आता सासऱ्यांबद्दल. ते याच कंपनीत फिटर होते. नवा बोर्ड तयार झाला की कारखान्यामागच्या टॉवरमध्ये तो लिफ्टला जोडून केबिनच्या छतावर चढायचं आणि तपासायचं, हे त्यांचं काम. एका चाचणीत केबिन अचानक वर सरकली आणि त्यांचा उजवा हात तुळईखाली सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. छतावर चढल्यावर तपासणीचा स्विच टाकायचा असतो, तो टाकला की काही झालं तरी केबिन हलता कामा नये. कंपनीने चौकशी केली आणि ठरवलं की फिटर स्विच टाकायला विसरला. विसराळू फिटरला टॉवरवर कोण चढवणार? त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून ते बाल्कनीत लोकांच्या इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतात.

“मला तर टाकल्यासारखा वाटत होता,” ते कधीतरी म्हणायचे, “पण आठवणीचं काय खरं!”

आणि त्यांना स्वतःच्या आठवणीचा खरोखरच भरवसा उरला नव्हता. गॅस बंद केला की ते पुन्हा येऊन बटण चाचपायचे. कुलूप लावलं की ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढून ओढून बघायचे. कितीतरी सिनेमांची सुरुवात आमची त्यांच्या कुलपापायी चुकली. मी तोंडावर हसायचे, नवरा पाठीमागे हसायचा. सासूबाई तेवढ्या हसत नसत. कुलपाचा विषय निघाला की त्या खेकसायच्या, “पुरे झालं! दुसरं काही नाही का बोलायला?” मी याचा अर्थ एवढाच लावला की नवऱ्याची चेष्टा करण्याचा मक्ता त्यांना एकटीला हवा आहे.

तर दुसरी चिप बाजारात मिळेनाशी झाली आणि मालकांनी तिसरी आणली. सासूबाईंचं सगळं लिखाण नव्या चिपसाठी उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मालक स्वच्छ बोलले, “टॉवरची चाचणी पार पडली तर हा विभाग तुमच्याकडेच राहील. नाही तर बोर्ड तयार विकत घेऊ, आणि तुम्ही तक्रारींच्या खिडकीवर बसा.” तक्रारींची खिडकी म्हणजे दिवसभर अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांच्या शिव्या फोनवर ऐकणं. मला मिळालेली खुर्ची सोडायची नव्हती. तिच्यासाठी मी या बाईच्या हाताखाली वर्षानुवर्षं दात-ओठ खात काढली होती.

सासूबाई घरातच होत्या. एका वाक्यात मला हव्या त्या फाइलचं मर्म सांगू शकल्या असत्या. त्या फक्त म्हणाल्या, “विचार ना. विचारलंस तर सांगीन.”

“गरज नाही, आई.”

“बघ हं.”

नवरा रोज मला बाजूला घेऊन कुजबुजायचा, “एकदा विचारलंस तर काय बिघडतं?” बिघडतं! मी विचारलं असतं की त्या सांगणार, आणि पुढची वीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून ते ऐकवणार. मी मान खाली घालून फाइलींमागून फाइली उतरवल्या. नव्या चिपला उडीखालची खोड नाही, म्हणून उडीखालची ओळ उचलून उडीच्या वर ठेवायची, म्हणजे ती आधी होईल आणि मग उडी. शेकडो उड्या होत्या. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ही उचलाउचल त्याच्यावर सोपवली. असेम्बलरची मदत सगळीकडे बंद आहे, हे गृहीत धरलं होतं. खुद्द मोठ्या बाईंनीच ते जन्मभर छातीठोकपणे सांगितलं होतं.

चाचणीच्या दिवशी मालकांनी सासूबाईंना मानाने बोलावलं आणि खुर्ची दिली. माणसं चढवण्याआधी केबिनच्या छतावर वाळूची पोती ठेवतात, तशी ठेवली. तपासणीचा स्विच टाकला. खालून बटण दाबलं. केबिनने जागेवर ढिम्म उभं राहायला हवं होतं. ब्रेक सुटल्याचा खट् आवाज झाला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनाने ओढलेली केबिन पोत्यांसकट वर सरकू लागली. अगदी सावकाश. टॉवरवाल्याने लाल बटण दाबलं तेव्हा वरचं पोतं तुळईला घासून फाटलं होतं आणि वाळू खाली सांडत होती.

मालक माझ्याकडे बघत होते. मी सासूबाईंकडे बघितलं, कारण आता काय ऐकावं लागणार ते मला माहीत होतं. त्या उठल्या. चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता. दारापर्यंत गेल्या, दार उघडलं, आणि काहीही न बोलता गेल्या.

मला त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, एवढा विजय झाला की बोलायचीही गरज वाटेना! मालकांनी मला आठवडा दिला.

घरी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून दोनदा सासूबाई उगाच उभ्या राहिल्या, जणू मी काही विचारेन. मी वर्तमानपत्र वाचलं.

मग मी ठरवलं, की त्यांच्या ओळी वाचायच्याच नाहीत. माणूस लिहितो एक आणि असेम्बलर काढतो भलतंच, तर काढलेलं बघावं. जुन्या बोर्डाच्या चिपमधले आकडे आणि माझ्या नव्या बोर्डाचे आकडे शेजारी शेजारी मांडले, आणि दोन्ही असेम्बलरांनी काय केलंय ते एकेक आज्ञा करून ताडून बघत गेले. ब्रेकच्या फाइलपाशी बोट थांबलं. स्विच टाकलेला असेल तर थांबण्याच्या भागात उडी मार, अशी आज्ञा होती, आणि तिच्या खाली रिकामी आज्ञा. असेम्बलरची! तिच्याही खाली ‘ब्रेक सोड’. फाइल पुन्हा उघडली. डोक्यावर मदत बंद, अगदी नेहमीसारखी. पण मध्येच, बरोबर या उडीच्या आधी, मदत चालू केलेली, आणि चार ओळींनंतर परत बंद. म्हणजे त्यांनी ‘ब्रेक सोड’ ही ओळ उडीखालच्या जागेत ठेवलीच नव्हती. माझ्या प्रोग्रॅमने मात्र ती तशी समजून उडीच्या वर नेली. आधी ब्रेक सोडायचा, मग स्विच बघायचा! थांबण्याच्या भागात ब्रेक परत लावण्याची ओळ नाही, कारण तो सुटलेलाच नसणार असा हिशोब.

मला दुरुस्ती सापडली, पण त्याहून मोठी गोष्ट सापडली होती. बाईंनी जन्मभर ज्याला हात लावू दिला नाही म्हणून मिरवलं, त्याला सगळ्यात जोखमीच्या जागी त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं होतं.

हे पक्कं करायला मी कंपनीच्या दारातल्या काचेच्या कपाटातून त्यांचा पहिलावहिला बोर्ड काढला. त्या दुसऱ्या चिपचा पहिला बोर्ड, मिरवायला ठेवलेला, खाली वर्षाची पट्टी. त्याचेही आकडे वाचले. तिथे रिकामी आज्ञा नव्हती. उडी, आणि लगेच खाली ‘ब्रेक सोड’. पहिल्या चिपवर हे चाललं असतं, तिथे उडी म्हणजे उडी. या चिपवर स्विच टाकला तरी ब्रेक सुटणारच. जुन्या सवयीने लिहिलेली, पहिल्या चिपवरून दुसरीवर आलेल्या माणसाकडूनच होईल अशी चूक. मला इतका आनंद झाला की मी कपाटापाशी उभ्या उभ्या हसले. शिपायाला वाटलं, चाचणी फसल्याने डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या चाचणीत केबिन हलली नाही. पोती चढवली, माणूस चढवला, नाही म्हणजे नाही हलली. मालकांनी हात मिळवला. खुर्ची राहिली.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसले ती दारूगोळा घेऊनच. सगळ्यांची ताटं वाढून होऊ दिली.

“आई, चाचणी झाली. तुम्हाला न विचारता झाली.”

“ऐकलं,” त्या म्हणाल्या.

“आणि एक ठिकाणही सापडलं. नोकरी सोडता येणार नाही आता, पण ऐकून तरी घ्या. ब्रेकच्या फाइलमध्ये तुम्ही असेम्बलरची मदत घेतलीय.”

“बरं.”

“बरं काय? लोकांना आयुष्यभर काय सांगत आलात? आणि तुमच्या पहिल्या बोर्डात काय होतं तेही बघितलं मी. उडीखाली ब्रेक सोडलाय! माझी चूक झाली तीच तुमचीही झाली होती. फरक एवढाच, माझी मालकांसमोर झाली आणि तुमची कोणाला कळलीच नाही.”

“अगं, जेव तू आता,” नवरा म्हणाला.

“जेवते की. आज चांगलं जेवणार आहे.”

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात सासरे बोलले. ते आमच्या भांडणात कधीच बोलत नसत.

“सूनबाई, उडीखाली ब्रेक सोडला, म्हणजे काय होतं गं? मला साधं करून सांग.”

“म्हणजे स्विच टाकला तरी केबिन सरकणार, बाबा. परवा सरकली ना, तश्शीच.”

“टाकला तरी?”

“टाकला तरी.”

“आणि तो पहिला बोर्ड कुठल्या वर्षाचा?”

मी वर्ष सांगितलं. सांगताना मला अजूनही काही कळलं नव्हतं. हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगते. त्यांनी उजवा हात ताटातून उचलून मांडीवर ठेवला आणि सासूबाईंकडे बघितलं.

“तुला कधी कळलं?”

सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

“तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. दुसऱ्याच दिवशी.”

“म्हणजे मी स्विच टाकला होता.”

“टाकला होता.”

“मग चौकशीत बोलली का नाहीस?”

“तुमची नोकरी जाणारच होती, हात तसा झालेला. मी बोलले असते तर माझीही गेली असती. पोर लहान होतं. खाल्लं काय असतं आपण?”

“तेव्हाचं सोड. नंतर?”

“त्या चार ओळींत माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही,” एवढंच सासूबाई म्हणाल्या, ते बहुतेक मला. “म्हणून असेम्बलरला करू दिलं.”

नवऱ्याने पहिल्यांदाच कोणत्याही बाजूला मान डोलावली नाही. सासरे उठले, हात धुतला आणि बाल्कनीत जाऊन बसले.

मला वाईट वाटलं का? सासऱ्यांसाठी वाटलं. त्यांच्या कुलपाला मी किती हसले होते. सासूबाईंसाठी नाही वाटलं. अजूनही वाटत नाही. पोराच्या पोटाचं कारण मला पटतं, पण पोर मोठं झालं, त्याला मिशा फुटल्या, त्याने लग्न केलं, आणि हा माणूस तोवर गॅसचं बटण चाचपत राहिला. रोज तिच्या डोळ्यांसमोर चाचपत राहिला. त्याला काय कारण आहे?

सकाळी मी कामावर निघाले, तर सासरे फिटरचे जुने जाड बूट घालून तयार. “मी येतो तुझ्याबरोबर. टॉवर बघायचाय.”

इतक्या वर्षांत ते कारखान्याच्या रस्त्यानेसुद्धा गेले नव्हते. नवरा शाळेत गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, चपला घालू लागल्या. त्यांनाही यायचं होतं, का फक्त खालपर्यंत सोडायला यायचं होतं, कोण जाणे. सासऱ्यांनी हाताने थांबवलं. त्या एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या.

“जिना ओला आहे,” त्या म्हणाल्या. “सांभाळून.”

सासरे बाहेर पडले आणि उंबरठ्यापलीकडून वळले.

“इतकी वर्षं मी या हाताला शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “काल रात्रभर म्हटलं आता तुला घालाव्यात, तर एकही आठवेना.”

त्यांनी दार ओढून घेतलं. कडी नीट बसली की नाही, ते मीच थांबून बघितलं. ते एव्हाना अर्धा जिना उतरून गेले होते, मागे वळून न बघता.